रोजच्या भाकरीची प्रार्थना

भाकरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चूल उभी राहते, तव्यावर फुगलेला पापुद्रा दिसतो आणि परातीत पीठ थापल्याचा आवाज कानांवर येतो. आपल्या मराठी मुलखात पोटापाण्याचा सगळा प्रश्न या एका शब्दात मावतो. कुणी गाव सोडून मुंबईला गेला, तर तो ‘भाकरीसाठी’ गेला, असे आपण म्हणतो. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तीत रोजच्या अन्नाची एक मागणी आहे. ती प्रार्थना मराठीत आणणाऱ्यांनी तेथे हाच आपल्या चुलीवरचा शब्द घातला. पॅलेस्टाईनमधली भट्टीत भाजलेली रोटी मराठीत येताना भाकर झाली. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांतून लहान मुले बोलायला लागली की ही मागणी पाठ करतात.

आता तुम्ही म्हणाल, देवाजवळ भाकर मागितली यात विशेष ते काय? भुकेलेला माणूस दुसरे काय मागणार? पण हीच प्रार्थना ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या आहेत तेही म्हणतात. ज्याच्या पुढ्यात ताट वाढलेले आहे तोही म्हणतो. मग तो काय मागत असतो? ख्रिस्ती धर्मात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईने तर त्याचे उत्तर स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन शोधले. त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

पोटाला लागते तशी आत्म्यालाही भूक लागते, हे सर्व धर्म सांगतात. ती भूक कशाची, हे मात्र आपण बहुधा मोघम ठेवतो. ख्रिस्ती शिकवणुकीत तिची नावे बरीच स्पष्ट आहेत. हातून घडलेल्या अपराधाची क्षमा हवी असते. जे दुःख टळत नाही ते सोसण्याचे बळ हवे असते. ज्याने आपल्याला दुखावले त्याच्याविषयीचा राग मनातून जावा, असे वाटत असते, पण तो जात नाही. दोन वाटा समोर असल्या तर कोणती धरावी, हे कळायला हवे असते. आणि रात्री दिवा मालवल्यावर आपण अगदी एकटे नाही, असा भरवसा हवा असतो. या आत्म्याच्या गरजा झाल्या. गंमत अशी की यांतली एकही वस्तू बाजारात मिळत नाही, आणि मनगटाच्या जोरावरही कमावता येत नाही. राग सोडायचा असे हजारदा ठरवूनही तो सुटत नाही, हा अनुभव कुणाला नाही?

म्हणून ख्रिस्ती धर्म म्हणतो की या वस्तू मिळवायच्या नसतात, घ्यायच्या असतात. देणारा देव आहे, आणि तो पात्रता पाहून देत नाही. या देण्यालाच ‘कृपा’ हा शब्द आहे. या कृपेवर विसंबून राहणे म्हणजे विश्वास. ऐकायला हे सोपे वाटते. पण स्वाभिमानी, कष्टाळू माणसाला सर्वांत अवघड काही असेल, तर ते फुकटचे घेणे.

या विश्वासाचे रूप कसे असते, हे दाखवण्यासाठी बायबलच्या जुन्या करारात एक कथा आहे. इस्राएली लोक मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटून रानात आले. खायला काही नव्हते. तेव्हा रोज सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर हिमकणांसारखे बारीक काही तरी पडलेले दिसू लागले. लोक एकमेकांना विचारू लागले, ‘हे काय?’ त्यांच्या भाषेतल्या त्या प्रश्नावरूनच त्या अन्नाला ‘मान्ना’ हे नाव पडले. नियम असा होता की माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर, एवढेच गोळा करायचे आणि ते त्याच दिवशी संपवायचे. काही हुशार मंडळींनी उद्यासाठी राखून ठेवले. सकाळी पाहतात तो त्यात किडे पडलेले आणि दुर्गंधी सुटलेली! फक्त विश्रांतिवाराच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मोकळीक होती, आणि ते मात्र नासत नसे.

कथा साधी आहे, पण तिच्यातली खोच ध्यानात घेण्यासारखी आहे. देवाला एकदम वर्षाचे धान्य देणे अवघड होते का? पण तसे झाले असते तर लोकांनी कोठारावर विश्वास ठेवला असता, देणाऱ्यावर नाही. रोज सकाळी नव्याने बाहेर पडायचे, वाकायचे, वेचायचे आणि आजच्यापुरते घेऊन घरी यायचे, हा त्यांना दिलेला धडा होता. आत्म्याच्या बाबतीत हे आणखीच खरे ठरते. काल ज्या धीराने आपण एक संकट निभावले, तो धीर आज डब्यात शिल्लक नसतो. गेल्या वर्षीच्या प्रार्थनेवर यंदाचा राग जिंकता येत नाही. आणि उद्याच्या दुःखासाठी लागणारे बळ आजच हाताशी नाही म्हणून आपण घाबरतो, ते उगाच. उद्याचे बळ उद्या मिळायचे आहे.

आता पुन्हा त्या प्रार्थनेकडे येऊ. ‘रोजची’ असे आपण मराठीत म्हणतो, त्या जागी मूळ ग्रीक भाषेत ‘एपिउसिओस’ हा शब्द आहे. हा शब्द मोठा विलक्षण आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या ग्रीक विद्वानाने लिहून ठेवले आहे की हा शब्द ग्रंथकारांच्या लिखाणात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही. जणू शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी तो घडवलाच! त्याचा अर्थ ‘आजच्या दिवसाची’ असा करतात, ‘येणाऱ्या दिवसाची’ असा करतात, आणि ‘जगायला आवश्यक तेवढी’ असाही करतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर सिद्ध केले. त्याने लूकच्या शुभवर्तमानात ‘रोजची’ असे म्हटले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, त्याच ग्रीक शब्दासाठी, ‘भौतिक द्रव्याच्या पलीकडची’ अशा अर्थाचा वेगळा शब्द योजला. एकाच माणसाने एकाच शब्दाचे दोन अर्थ केले. एकाने पोट भरते, दुसऱ्याने आत्मा. प्रार्थना म्हणणाऱ्या सामान्य माणसाला या वादाची वार्ताही नसते, पण त्याच्याही मनात दोन्ही भुका एकत्रच असतात. ते बरोबरच आहे, कारण माणूस एकच आहे.

हे झाले शास्त्र. आता ज्या बाईचा उल्लेख सुरुवातीला केला, त्यांच्याकडे वळू. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवणे हे त्या काळी धाडसच होते, पण त्यांनी ते केले. कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगून चरितार्थ चालवीत असे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास अन्नावाचून झिजून आधी वडील गेले, मग आई गेली आणि थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तेथे विद्वानांनी बाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. १८८२ साली तेही गेले. पदरी लहानगी मनोरमा. वय अवघे तेवीस.

पोटाची भूक काय असते, हे या बाईंना कुणी सांगायला नको होते. पण दुसरी भूक त्यांना तिच्याहून जास्त छळत होती. शास्त्रे तोंडपाठ होती, लोक मान देत होते, पण मनाला आधार नव्हता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. आप्त तर उरलेच नव्हते. आता समाजही दुरावला.

येथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि आपल्या विषयाचे मर्म तीतच आहे. बाप्तिस्म्यानंतर सगळे प्रश्न सुटले, असे झाले नाही. बाई इंग्लंडात शिकल्या, शिकवू लागल्या, पुढे अमेरिकेत गेल्या, तेथे पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि निधी जमवला. १८८९ साली परत येऊन त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले. दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास नेले. काम डोंगराएवढे होते आणि नाव सातासमुद्रापलीकडे गेले होते. पण आत पोकळीच होती. पुढे १९०७ साली त्यांनी आपल्या श्रद्धेची जी हकीकत लिहिली, तीत त्यांनी हे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, असा त्या कबुलीचा आशय आहे.

जरा त्या स्थितीचा विचार करून पाहा. ज्या गोष्टीसाठी जनांचा रोष ओढवून घेतला, ती हातात आल्यावर मूठ रिकामीच निघावी! अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो. आपली चूक झाली असे म्हणून मागे फिरतो, किंवा सगळे ठीक आहे असे दाखवून तसेच रेटत राहतो. बाईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी आपली भूक कबूल केली.

त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे लोकांना उपदेश करीत होते आणि स्वतः मात्र कोरडेच होते. शेवटी एके दिवशी उपदेश करता करताच त्यांना स्वतःची गरज उमगली आणि ती भागलीही. हे वाचून बाई स्वतःकडे पाहू लागल्या. बायबल पुन्हा वाचू लागल्या. आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ साली, त्यांना जे कळले ते असे: आजवर आपण धर्माचे आचरण, अभ्यास आणि सत्कार्य यांच्या बळावर देवाला योग्य व्हायची धडपड करीत होतो. आधी योग्य व्हायचे आणि मग देवाजवळ जायचे, हा क्रमच चुकीचा होता. जशी आहे तशीच जाऊन घ्यायचे होते. क्षमा अगोदरच ठेवलेली होती. हात पुढे करणे तेवढे बाकी होते.

येथे एक शंका निघते. देव जर सर्व जाणतो आणि द्यायलाही तयार आहे, तर मागायचे तरी कशाला? ही शंका फार जुनी आहे. इ. स. ४१२ च्या सुमारास प्रोबा नावाच्या एका श्रीमंत रोमन विधवेने संत ऑगस्टीन यांना प्रार्थना कशी करावी असे विचारले होते. रोम शहर लुटले गेल्यावर ही बाई आफ्रिकेत येऊन राहिली होती. ऑगस्टीन यांनी तिला लिहिलेले लांबलचक पत्र आजही उपलब्ध आहे. त्यातला मुद्दा असा की, आपण मागतो ते देवाला माहिती पुरवण्यासाठी नव्हे. मागता मागता आपली इच्छा वाढते, आणि देव जे देऊ पाहतो ते मावण्याइतके मन मोठे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर, पाऊस सगळ्यांच्याच अंगणात पडतो, पण पाणी साठते ते ज्याने भांडे उपडे ठेवलेले नाही त्याच्या घरी. रमाबाईंची आठ वर्षे ही भांडे सुलटे व्हायला लागलेली वर्षे होती.

दुसरी शंका व्यवहारी माणसाची आहे. ती अशी की, देवावर भार टाकला म्हणजे माणूस हातपाय गाळून बसणार नाही का? ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण टिंगलीनेच वापरतो. पण ख्रिस्ती परंपरेत या विश्वासाचा अर्थ तसा नाही. आकाशातल्या पाखरांना देव खायला देतो, असे येशूने सांगितले हे खरे. परंतु पाखरू घरट्यात चोच उघडून बसत नाही, दिवसभर उडत असते. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली सामान्य लोकांसाठी प्रश्नोत्तरांचे एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात रोजच्या भाकरीचा अर्थ सांगताना त्याने अन्नवस्त्र, घर, शेत, गुरे, चांगले राज्य, चांगली हवा आणि चांगले शेजारीदेखील मोजले आहेत. म्हणजे देव देतो तो बहुधा माणसांच्या हातांनी देतो. त्या मान्नाच्या कथेचा शेवटही असाच आहे. लोक कनान देशात पोचले आणि तिथल्या जमिनीतले धान्य खाऊ लागले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. जेथे नांगर चालतो तेथे आकाशातून अन्न पडत नाही.

रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात हे स्पष्ट दिसते. जॉर्ज म्युलर यांची हकीकत त्यांनी वाचली होती. मूळचे प्रशियाचे हे गृहस्थ इंग्लंडात ब्रिस्टल येथे राहत. १८३६ साली त्यांनी अनाथ मुलांसाठी एक घर उघडले. कुणापुढे पैशासाठी हात पसरायचा नाही, गरज देवालाच सांगायची, हा त्यांचा नेम होता. १८९८ साली ते वारले, तोवर त्यांच्या आश्रयाला दहा हजारांवर मुले येऊन गेली होती. याच म्युलरसाहेबांचे हिशेब मात्र पैनपै लिहिलेले असत आणि दरवर्षी छापून प्रसिद्ध होत. विश्वास आणि जमाखर्च यांचे त्यांना वावडे नव्हते. हे वाचून बाईंच्या मनात आले की, देवावर असे विसंबणे इंग्लंडात जमते तर हिंदुस्थानात का जमू नये?

कसोटीची वेळ लवकरच आली. १८९३ साली पुण्यात वादळ उठले. सदनातल्या काही मुली बाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, असा आक्षेप निघाला. मूळ बोली अशी होती की संस्थेत धर्मप्रचार व्हायचा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाहेर पडली, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना आपल्या बाजूने फसगत झाल्यासारखे वाटले, तर माझ्या घरात मी दार बंद करून प्रार्थना का करावी, हा बाईंचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंची व्यथा आज शांतपणे समजून घेता येते. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातल्या हकीकती ऐकून बाईंना आपले आईबाप आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे, आणि ठरलेले उत्पन्न नाही! बाई प्रार्थना करीत, आणि विहिरीही खणून घेत. मुक्तीत शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. बायका स्वतः खिळे जुळवीत आणि यंत्र चालवीत. परदेशातून आणि या देशातूनही देणग्या येत. कधी खर्चापुरत्या येत, कधी अगदी वेळेवर येत. कोठार कधी भरून वाहिले नाही, पण चूलही बंद पडली नाही. आणि भाकरीइतकीच बाईंना दुसरी काळजी होती. या बायकांपैकी कित्येकींनी दुष्काळात आपली माणसे डोळ्यांदेखत मरताना पाहिली होती. कित्येकींवर लोकांनी अत्याचार केले होते. त्यांच्या पोटात अन्न पडले की काम संपले, असे बाईंनी मानले नाही. आपले कुणी आहे, आपण कुणाला तरी हव्या आहोत, ही भूक भाताने भागत नसते.

त्या भुकेसाठी बाईंनी एक अचाट काम हाती घेतले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार काढला होता आणि पुढे इतर भाषांतरेही झाली होती. पण त्यांची भाषा खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बाईला जड जाते, असे रमाबाईंचे मत होते. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडिता, पण त्यांना हवी होती जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल अशी मराठी. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि अखेरपर्यंत भाषांतर करीत राहिल्या. त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. देव आत्म्याला अन्न देतो हे खरे, पण ते घासाएवढे करून भरवायला कुणी तरी लागते.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे, आणि ती टाळून चालणार नाही. मागूनही मिळाले नाही तर? संत पौल याने आपल्या एका पत्रात स्वतःची गोष्ट लिहिली आहे. त्याला एक सतत सलणारा त्रास होता. त्याला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते एवढेच, की माझी कृपा तुला पुरेशी आहे. आणि देव तुमची प्रत्येक गरज पुरवील, असे ज्या पत्रात पौल फिलिप्पै येथील मंडळींना कळवतो, ते पत्र त्याने कैदेतून लिहिलेले आहे. तुरुंगाचे दार उघडलेले नसताना तो हे म्हणतो आहे. तेव्हा ‘गरज’ आणि ‘इच्छा’ यांत त्याने फरक केला होता, हे उघड आहे.

रमाबाईंनाही हा काटा चुकला नाही. मनोरमा हीच त्यांची उरलेली एकुलती एक आप्त, आणि कामातली उजवा हात. मुक्तीची धुरा पुढे तिनेच वाहावी, असे सर्वांना वाटत होते. २४ जुलै १९२१ रोजी ती आईच्या आधी गेली. बाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल, असे कोण म्हणेल? या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर नाही, आणि ख्रिस्ती धर्मही ते असल्याचा आव आणीत नाही. ज्या प्रभूवर तो विश्वास ठेवायला सांगतो, त्यानेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून गेथशेमाने बागेत प्रार्थना केली होती, आणि तो टळला नव्हता. सोसण्याच्या घडीला सोबत मिळेल, एवढेच त्याचे वचन आहे. मनोरमेनंतर बाई जेमतेम आठ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी टाकून दिले नव्हते. केडगावची संस्थाही आजपर्यंत चालू आहे.

जे ख्रिस्ती नाहीत अशा वाचकांना हे सगळे अगदीच परके वाटणार नाही. जनाबाईबरोबर दळायला बसणारा विठ्ठल आपल्या ओळखीचा आहे. भक्ताचे काम हलके करायला देव स्वतः येतो, ही कल्पना या मातीत रुजलेली आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. दोन वाटा एकच आहेत असा याचा अर्थ नाही. प्रत्येक श्रद्धेचे आपले म्हणणे असते, आणि ते तिच्याच शब्दांत ऐकावे. पण भूक ओळखीची असली म्हणजे दुसऱ्याच्या घरची भाकर कशी होते, हे समजायला वेळ लागत नाही.

शेवटी, हा विश्वास रोज पाळायचा कसा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. श्रद्धावंत ख्रिस्ती माणूस सकाळी थोडा वेळ शांत बसतो. बायबलातला थोडा भाग वाचतो. पुष्कळ वाचण्यावर भर नसतो, त्या दिवसापुरते काही हाती लागले की झाले. आदल्या दिवशी काय चुकले ते देवाजवळ मोकळेपणाने कबूल करतो. त्या दिवशी जे अवघड वाटत असेल, मग ती नको असलेली गाठभेट असो, दुखण्याईताची सेवा असो, की घरातला अबोला असो, ते नाव घेऊन सांगतो आणि त्यापुरते बळ मागतो. रविवारी मंडळीबरोबर उपासनेला जातो आणि प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा हातावर घेतो. आणि त्या प्रार्थनेतला शब्द ‘माझी’ असा नाही, ‘आमची’ असा आहे, हेही त्याने विसरायचे नसते. शेजारी उपाशी असेल तर आपली मागणी अर्धीच राहिली. कधी कधी दुसऱ्याच्या प्रार्थनेचे उत्तर आपल्याच घरच्या टोपलीत असते.

भाकरी ताजीच चांगली, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. त्या रोज पहाटे उठतात आणि आठवड्याच्या भाकऱ्या एकदम थापून ठेवीत नाहीत. आत्म्याच्या भाकरीची रीतही तीच. आज पुरेल एवढी आज मागावी, मिळेल ती खावी, कुणाला हवी असेल त्याला अर्धी मोडून द्यावी, आणि उद्याची विवंचना न करता रात्री झोपी जावे. दुष्काळाने सारे हिरावून नेलेल्या एका बाईने याच रीतीने दोन हजार माणसांचा संसार केला. आपला संसार त्या मानाने लहान आहे.